शेकोटीवरची फळी

"वयनी, देवीनं डावा कौल दिला," सुतारकाम करणारा सगुण मेस्त उंबऱ्यातच थांबून म्हणाला. "हासुद्धा फणस तोडायचा नाही."

सुलोचनाबाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. "तिसरं झाड ना हे?"

"तिसरं."

कौलापुढे कोण बोलणार?

डिचोलीच्या घामट हवेत भिंतीतली विटांची शेकोटी, विलायती फायरप्लेस! पोर्तुगीज अमदानीत खाणीवरच्या कुणा गोऱ्या इंजिनिअरला बैठकीत ती बांधायची हौस आली. पुढं सुलोचनाबाईंच्या नवऱ्यानं बंगला घेतला. आता नवरा नव्हता, आणि मुंबईचा एक जण तिथं हॉटेल काढणार होता. शेकोटीवर फणसाची अखंड, नक्षीदार फळी बसवून द्या, मग ताबा घेतो, एवढीच त्याची अट. बाईंचा मुलगा गुरुदास सगुणला काम सांगून पुण्याला परतला. "फळी बसली की आईला न्यायला येतो," म्हणाला.

त्या दिवशी बाई शेकोटीपाशी उभ्या राहून रडल्या. सगुणचं काळीज तुटलं. तीस वर्षांचा संसार सोडून या वयात परक्या गावी जायचं? आपण फळी बसवायची म्हणजे बाईंना आपल्याच हातानं घराबाहेर काढायचं. नाही म्हणावं, तर दुसरा मेस्त आणतील. गरीब सुतारानं करावं तरी काय?

मग त्यानं आराखड्यांचा घोळ घातला. वेल दाट झाली, मोर बुटका झाला, खांब जाड झाले. त्यात चार महिने गेले. आराखडे संपल्यावर त्यानं कौल पुढं केला. जुन्या फळत्या झाडाला देवीला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावायची नाही, ही त्याच्या लाटंबार्से गावची रीत. पण सगुण देवळाची पायरीसुद्धा चढला नव्हता. देवीच्या नावानं खोटं! रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नसे. लागू दे पाप, बाई तरी आपल्या घरात राहतील.

"कुठवर आलं, मेस्ता?" बाई रोज विचारायच्या.

"होईल हो वयनी, घाई कसली!" तो म्हणायचा.

आज मात्र त्यानं धीर करून सांगितलंच, "वयनी, मला वाटतं, तुम्ही इथून हलावं हे देवीच्याच मनात नाही."

"मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या कौलानंतरच वाटलं होतं." बाईंनी कप खाली ठेवला. "काल पोस्टात जाऊन गुरुदासला फोन केला. म्हटलं, बंगला विकू नकोस, मी येत नाही. माझ्यासाठी ठेवलेली खोली सुनेच्या आईला दे. ती आज पोचलीसुद्धा असेल."

"बरं केलंत!" सगुणचा जीव भांड्यात पडला.

"बरं कसलं, मेस्ता?" बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "हे रिकामं घर खायला उठतं हो. नातवाला मांडीवर घ्यायला मिळेल म्हणून आठ महिने पेटी भरून बसले होते. पण देवीच नको म्हणते, तिथं आपण काय करणार?"