उलट्या गोगलगाई

टाकीत कोपरापर्यंत हात घालून शालन कुबल उलट्या पडलेल्या गोगलगाई सरळ करत होत्या. मालवणच्या समुद्रातलं शेवटचं प्रवाळ गावच्या या टाकीत जगत होतं, आणि त्यावरचं शेवाळ खाणाऱ्या या जातीच्या एवढ्याच गोगलगाई जगात उरल्या होत्या. उलटी पडली की एकीलाही आपलं आपण सरळ होता येत नसे.

संशोधन केंद्राच्या इनामदारबाईंनी डबा पुढे ठेवला. “या गोगलगाई प्रयोगशाळेत घडवल्यात. पडल्या तरी आपल्या आपण सरळ होतात. पण दोन्हींना पुरेल एवढं शेवाळ नाही, शालनताई. एकच जात ठेवा. जुन्यांना मात्र दुसरी जागा नाही. समुद्राच्या पाण्यात आता त्यांचे शंख विरघळतात.”

शालनताईंनी हात पुसला. घरी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. अकरा वाजत आले होते.

“नव्या ठेवा,” त्या म्हणाल्या. “माझ्याच्यानं आता होत नाही.”

त्यांनी जुन्या गोगलगाई एकेक करून बादलीत ठेवल्या. शेवटची उलटी पडली. इनामदारबाई बादली उचलायला वाकल्या.

“थांबा जरा,” शालनताई म्हणाल्या, आणि त्यांनी बोटानं तिला सरळ केलं.