वचनांची डबी

आंधळ्या सासूबाईंनी रोजच्यासारखी बायबलमधल्या वचनांच्या डबीतून एक चिठ्ठी काढली आणि मार्थापुढे धरली. "वाच गं. आज प्रभू काय म्हणतो?"

मार्थानं सकाळपासून दुसऱ्यांदा त्यांची चादर बदलली होती. चिठ्ठीवर नेहमीचं धीराचं वचन होतं, ते तिनं वाचलंच नाही. गेल्या रविवारी चर्चमधला उपदेश अर्धा टाकून ती सासूबाईंना बघायला धावली होती. त्यातलं एकच वाक्य तिच्या डोक्यात राहिलं होतं. तेच तिनं सावकाश, वाचल्यासारखं म्हटलं, "घराची निरवानिरव कर, तू आता मरणार आहेस."

सासूबाईंचा हात डबीवरच थांबला. मार्थाला बरं वाटलं.

"वीस वर्षं काढतेय, ही चिठ्ठी कधी निघाली नव्हती," त्या म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे त्या आजारी राजाला सांगितलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून रडला, तेव्हा देवानं त्याला आणखी पंधरा वर्षं दिली."

कण्हत कण्हत त्या भिंतीकडे वळल्या आणि त्यांनी हात जोडले.

"तुझ्यासाठीही पंधरा मागते," त्या म्हणाल्या. "माझं करायला दुसरं आहे कोण?"