बोटांचा चाळा

चंदीगडच्या आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या सरलाबाईंची बोटं दोन दिवस चादर खुडत होती. नळी ओढतील म्हणून हात बांधले होते. मी चार्टवर ‘डिलिरियम’, म्हणजे भ्रम, असं लिहिलं. हरप्रीत सिस्टरने विचारलं, “डॉक्टरसाब, नींद की दवा बढ़ा दूँ?” मी हो म्हणणार, तेवढ्यात जवळच्या खरड गावाहून भेटायला आलेली त्यांची सून म्हणाली, “थांबा. आई वाती वळताहेत. लाख वातींचा नेम अर्धा राहिलाय.” मी मराठी, तरी मला ते दिसलं नव्हतं. आम्ही औषध वाढवलं नाही. हात सोडले आणि ड्रेसिंगचा कापूस दिला. बोटं कामाला लागली. नळीकडे गेलीच नाहीत. हरप्रीत प्रत्येक वात ट्रेमध्ये ठेवत गेली. तिसऱ्या दिवशी नळी निघाली. सरलाबाईंनी घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न विचारला, “किती झाल्या?” चार्ट माझ्या हातात होता. उत्तर हरप्रीतने दिलं, “एक सौ बारह, माताजी.”