पासिंगचे टायर

"मॅडम, गाडी नापास करा," ड्रायव्हर जवळ येऊन पुटपुटला.

आरटीओच्या मैदानात रोज जो तो मला गाडी पास करा म्हणून गळ घालतो. हा पहिलाच उलटा. मी स्क्रीनवर पाहिलं. त्याच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचं रेकॉर्ड लख्ख होतं, आजवर एकही ट्रक नापास नाही. समोरच्या ट्रकचे टायरही कोरे करकरीत.

"हे टायर पासिंगपुरते, मॅडम. गेटाबाहेर मालकाचा माणूस जॅक घेऊन बसलाय. हे काढून तो जुने गुळगुळीत चढवणार. मग माल भरून मला त्यांच्यावरच कशेडी घाट उतरायचाय."

"मला समोर दिसतं तेवढंच लिहिता येतं," मी खेकसले.

त्यानं केबिनमधून पाना काढला आणि माझ्यादेखत हेडलाइटची काच फोडली.

"आता दिसतंय ना? लिहा."

मी नापास लिहिलं. घरी जाताना मला चक्क बरं वाटत होतं.

दोन दिवसांनी तोच ट्रक रांगेत पहिला उभा होता. टायर तेच होते. काच नवी होती, आणि ड्रायव्हरही नवा.