अनुभवाची अट

मालकीणबाईंनी जाहिरात मोठ्यानं वाचायला घेतली आणि ओळीगणिक उस्तादच्या पोटात दुखत गेलं. ओळी त्याच्याच हातच्या होत्या. आतला माल मॅडमचा. वेब डेव्हलपर पाहिजे. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. नवा कोरा लॅपटॉप. बसायला खिडकीजवळची जागा. दारं-खिडक्या विकणाऱ्या या कंपनीची वेबसाइट उस्ताद नऊ वर्षं एकटा ओढत होता, तेही प्रिंटरला खेटून बसून. अशी जागा मागितल्यावर मिळते, हेच त्याला माहीत नव्हतं. आणि इथे तर समोरच्यानं मागायच्या आधीच देऊन मोकळे!

"झकास उतरलीये," मॅडम म्हणाल्या. "वाचणारा हातातलं काम टाकून धावत आला पाहिजे. पण ही शेवटची ओळ कसली?"

"अनुभवाची अट. नवी साइट ज्या फ्रेमवर्कवर बांधायचीये, त्यातला दहा वर्षांचा अनुभव."

"दहा कशाला?"

"कच्चा माणूस काय कामाचा, मॅडम?"

मॅडमना पटलं. लाकूड, काच, बिजागरी यांतलं त्यांना कोणी काही शिकवू शकलं नसतं, पण कॉम्प्युटरमध्ये सगळी भिस्त उस्तादवर. ते फ्रेमवर्क बाजारात येऊनच चार वर्षं झाली होती. दहा वर्षांचा अनुभव ते तयार करणाऱ्यांकडेसुद्धा नव्हता. उस्तादनं जाहिरात साइटवर चढवली आणि त्या दिवशी दोन घास जास्तच खाल्ले.

"उस्ताद, सवत येतेय हो तुमच्यावर!" रिसेप्शनवरच्या ताई येता-जाता डिवचायच्या. "येऊ दे की," तो हसून म्हणायचा.

तीन आठवड्यांत तीन अर्ज आले. तिघांनीही दहा वर्षांचा अनुभव आहे असं छातीठोकपणे लिहिलं होतं. त्यांना उस्तादनं खोटारडे म्हणून बाद केलं, आणि त्यात त्याचं काही चुकलंही नाही.

चौथ्या खेपेला एक बाई अर्जबिर्ज न पाठवता थेट दारात येऊन उभी राहिली. ताईंनी तिला सरळ मॅडमच्या खोलीत नेऊन बसवलं आणि उस्तादलाही हाक मारली.

"तुमची तर चारच वर्षं दिसताहेत," मॅडम तिचे कागद चाळत म्हणाल्या. "आम्ही दहा मागितलीत."

"यापेक्षा जास्त कोणाचीच असू शकत नाहीत, मॅडम. ते निघालंच चार वर्षांपूर्वी."

मॅडमनी चष्मा काढला. "काय हो, उस्ताद?"

उस्ताद भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. बाईनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, मग मॅडमकडे वळून म्हणाली, "घाईत होतं असं. मी तर याहून भारी जाहिराती वाचल्यात."

मॅडम हसल्या. विषय मिटला. उपकार झाले, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

मग तिनं फोनवर त्यांचीच साइट उघडली. सरकती खिडकी निवडली की मोजमाप टाकायचा रकाना गायब व्हायचा. या भानगडीचं मूळ उस्ताद सात महिने शोधत होता. ती कशानं होते हे तिनं तिथल्या तिथे सांगितलं, तेही मॅडमना समजेल असं. मॅडम चक्क मान डोलवत होत्या. नऊ वर्षांत उस्तादच्या एकाही वाक्याला ती मान डोलली नव्हती.

"बाकीचं काम कोणाचं आहे?" तिनं विचारलं. "फार नीटनेटकं आहे."

म्हणजे धड रागवायचीही सोय ठेवली नाही बाईनं.

मॅडमनी त्याला बाजूला घेतलं. "तुमच्याच जोडीला काम करणार, तेव्हा तुम्ही म्हणाल तसं. नको असेल तर नको. त्यांना लिफ्टपर्यंत सोडा आणि येऊन मला सांगा."

लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकली होती. उस्तादनं बटण पुन्हा दोनदा दाबलं.

"तुम्ही आत सांभाळून घेतलंत," शेवटी तो म्हणाला.

"मला बघताक्षणीच कळलं होतं," ती म्हणाली. "आधीच्या कंपनीत माझ्या जोडीला माणूस घ्यायचा होता त्यांना. जाहिरात मलाच लिहायला लावली. मीही हेच केलं."

"मग?"

"मग काय! कोणी फिरकलं नाही. मी खूश. पुढची दोन वर्षं सगळं माझ्या एकटीच्या अंगावर. आजारी पडायलाही सवड नव्हती. शेवटी राजीनामा दिला." ती लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होती. "आता माझ्या जागी तिथे चौघं आहेत. पाच वाजले की घरी जातात."

लिफ्ट आली. ती आत गेली.

"सोमवारी या," उस्ताद म्हणाला. एवढं कसं बोलून गेलो, हे त्याचं त्यालाच कळेना.

"मॅडमना विचारायला नको?"

"त्यांनी माझ्यावर सोडलंय."

तिनं होकारार्थी मान हलवली. दार सरकायला लागलं, तेव्हा न राहवून त्यानं हात मध्ये घातला.

"तुम्ही किती वर्षं मागितली होतीत?"

"वीस," ती म्हणाली.

दार बंद झालं. दहा लिहायच्या आधीसुद्धा उस्तादनं दोनदा आठ लिहून खोडले होते. त्याला तिचा मनापासून हेवा वाटला.