वाकडी करंगळी

"या चित्रकाराची खरी सही करंगळीत आहे," पेठेमास्तर जुन्या चित्रकथेवर भिंग धरून म्हणाले. "राजा असो की दरोडेखोर, प्रत्येकाची करंगळी वाकडी. शैली आहे ही!"

"शैली कसली? घाईघाईत काढलेले हात आहेत," डिसोझांनी उडवून लावलं.

चित्रकाराच्या पत्नी म्हणून बोलावलेल्या विशाखाबाई ऐकत होत्या. चेहरे, घोडे, तलवारी नवरा झरझर काढायचा. हातांची जागा मात्र कोरी सोडून पान त्यांच्याकडे सरकवायचा. तो होता तोवर त्यांनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, तो गेल्यावरही नाही.

"वहिनी, तुम्हीच सोक्षमोक्ष लावा. शैली की घाई?"

"दोन्ही नाही." विशाखाबाईंनी डावा हात अलगद टेबलावर ठेवला. करंगळी वाकडीच होती. "हा समोर ठेवून सगळ्यांचे हात मीच काढायची."