पहिला अंक, आकृती चार

उल्काने बोट ठेवलं ते नेमकं आकृती चारवर.

"सत्यजित, हे काय आहे?"

"आलेख."

"तो दिसतोय मला. शेवटचा तुकडा बघ. इतका गुळगुळीत? जिवंत माणूस असा वागतो का, यार?"

दोघं पहिल्या रांगेत बसली होती. लखनौबाहेर, बख्शी का तालाबच्या रस्त्यावरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात एवढी गर्दी एरवी फक्त नोकरीच्या मुलाखतींना व्हायची. मंचावर नव्या जर्नलच्या प्रती लाल कागदात बांधून ठेवल्या होत्या. विषय इंटरनेट ऑफ थिंग्ज, म्हणजे सेन्सर लावून नेटला जोडलेल्या वस्तू. संपादक सत्यजित, सहसंपादक उल्का. प्रमुख पाहुणे निशातगंजच्या जाममध्ये अडकले, म्हणून उल्काने वेळ काढायला एक सुटी प्रत उघडली होती.

लेख सत्यजितचाच होता. संपादकाने आपलाच लेख आपल्या जर्नलमध्ये घालू नये, हे त्याला कळत होतं. पण आलेल्यांपैकी निम्मे लेख इकडूनतिकडून उचललेले निघाले, लेख देतो म्हणालेल्या परदेशातल्या प्राध्यापकाने ऐनवेळी हात वर केले, आणि अंक अडला. मग त्याने, उल्कालाही न दाखवता, स्वतःचा बाहेर काढला. बाहेरच्या जर्नलांनी तो परत पाठवला होता. एक घर, एक म्हातारा, हे काय संशोधन? त्या रागातूनच तर हे जर्नल जन्माला आलं होतं.

घर मिरजेचं. म्हातारा म्हणजे त्याचे वडील, नाना. आई गेल्यापासून एकटे. गेल्याच्या आदल्या दिवाळीत सत्यजित घरभर सेन्सर बसवून आला होता. नाना हलले की लखनौत त्याच्या पडद्यावर ठिपका उमटे.

स्वयंपाकघर. ठिपका.

न्हाणीघर. ठिपका.

देवघर. ठिपका.

गॅलरी. गॅलरी. गॅलरी. (लेखात याला 'पुनरावृत्त हालचाल' असं म्हटलं होतं.)

पूर्वी तो दर रविवारी फोन करायचा. ठिपके दिसायला लागले आणि फोन सुटला. कसे आहात म्हणून विचारायचं कशाला, दिसत तर होतं. एकदा नानांनीच फोन केला, तर हा म्हणाला, "मीटिंगमध्ये आहे नाना. तुम्ही ठीक आहात, बघतोय मी." नानांनी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आणि जानेवारीत, लेख छपाईला द्यायच्या घाईत, पडदा असा झाला:

स्वयंपाकघर. काही नाही.

न्हाणीघर. काही नाही.

देवघर. काही नाही.

"डेटा आला नाही," सत्यजित म्हणाला. "लाईट गेली असेल, राउटर बसला असेल. मिरजेत होतं तसं. लेखात मला हाही हिवाळा सलग हवा होता, म्हणून आधीच्या दिवसांची सरासरी भरली. सगळेच भरतात, उल्का."

"भरतात. मीही भरते. माझे सेन्सर आंब्याच्या बागेत असतात." तिने प्रत मिटली. "नानांना विचारलंस, काय झालं म्हणून?"

तो मंचावरच्या लाल गठ्ठ्यांकडे बघू लागला.

"सत्यजित, फोन केलास का तू?"

त्याने मोबाईलवर तो पडदा उघडला. लेख गेल्यापासून उघडायचं कारणच पडलं नव्हतं. आता मार्च लागला होता. पडदा रिकामाच होता.

एकट्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर सेन्सर काय दाखवील? काहीच दाखवणार नाही. हे त्यानेच लेखाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, जाड अक्षरात.

मागे गलका झाला. पाहुणे आले. निवेदिका माईकजवळ गेली. "अब मैं हमारे मुख्य संपादक महोदय से गुज़ारिश करूँगी कि मंच पर तशरीफ़ लाएँ…"

टाळ्या.

सत्यजित उठला आणि दाराकडे चालू लागला. उल्का त्याच्यामागे. चालता चालता त्याने नानांना फोन लावला. वाजत राहिला, तुटला. पुन्हा लावला. वाजत राहिला. व्हरांड्यातल्या खांबाला त्याने पाठ टेकली.

"हॅलो? कोण?"

"नाना!"

"कोण, सत्या? अरे वा. बोल."

"तुम्ही… तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय?"

सत्यजित मोठ्याने हसला. उल्काने डोळे पुसले आणि त्याच्या दंडावर एक चापट मारली. मग त्याला रागच आला. "अहो, मग ते सेन्सर! बंद पडलेत कधीचे. कळवायचं नाही का मला? जीव गेला माझा इथे!"

"बंद नाही पडले. मीच पिना काढून ठेवल्यात."

"का पण?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नाना बसले असावेत.

"म्हटलं, दिसेनासा झालो तर फोन करशील. आधी आधी फोन उशाशी घेऊन निजायचो. आंघोळीला जाताना दाराबाहेर स्टुलावर ठेवायचो. मग म्हटलं, असेल कामात. तुझं ते मासिक निघायचं होतं ना? निघालं का रे?"

आतून टाळ्यांचा कडकडाट आला. पाहुण्यांनी लाल कागद फाडला होता. प्रती रांगारांगांतून हातोहात पुढे सरकत होत्या.

"निघालं, नाना."

"छान झालं. आणि हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या लक्षातच आलं नसणार. आलं असतं, तर केला असतास तू फोन. मला माहीत आहे."

उल्का त्याच्याकडेच बघत होती. मिटलेली प्रत तिच्या हातात होती.

"हो नाना," सत्यजित म्हणाला. "लक्षातच आलं नाही."